नाशिकमध्ये बांधतोय फोर बाय फोर कॅम्पर ट्रक : डबा चासीवर कसा बसवायचा?

सातमाळा
नमस्कार मंडळी. ट्रकबद्दल बरेच जण तुकड्यातुकड्याने विचारत असतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. मी सातपूरला टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली, बायको शाळेत गणित शिकवायची. अडीच वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी टाटा ४०७ फोर बाय फोर घेतली. धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडे होती, पासिंग झालेली. सैन्याच्या लिलावातल्या गाड्याही पाहिल्या होत्या. त्या दणकट असतात, पण नागरी नोंदणीचे कागद हातात पडेपर्यंत पैसे अडकवून ठेवायची आमची तयारी नव्हती. बेत असा: आधी स्पिती आणि लडाख, मग जहाजाने ट्रक आखातात उतरवायचा आणि तिथून तेव्हा जे रस्ते उघडे असतील त्यांनी मध्य आशिया.

आज लिहायचंय ते डबा, म्हणजे मागची राहायची बंद खोली, चासीवर (ट्रकच्या सांगाड्यावर) बसवण्याबद्दल. पलंग, ओटा, सोलर यांवर हवी तेवढी माहिती मिळते. ज्या सांध्यावर हे सगळं उभं असतं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि आमची चूक नेमकी तिथेच झाली.

ट्रकची चासी म्हणजे दोन लांब सी-चॅनल आणि मध्ये आडवे जोड. ती पिळावी अशीच बनवलेली असते. एक चाक दगडावर चढलं की थोडं काम कमानपाटे करतात, उरलेलं चासी स्वतः पिळून करते, म्हणून बाकीची चाकं जमीन सोडत नाहीत. डबा मात्र सहाही बाजूंनी बंद, चिकटवलेल्या पॅनलचा. बुटाचं खोकं झाकण काढून दोन टोकांना धरून पिळा, सहज पिळतं. झाकण चिकटवून टाका आणि मग पिळून बघा.

आम्ही डबा एका बॉडीवाल्याकडून नेहमीच्या पद्धतीने बसवून घेतला. चासीवर लाकडाची पट्टी, त्यावर डब्याची फ्रेम, आठ यू-बोल्ट, गच्च आवळलेले. त्याने अशा कितीतरी गाड्या बांधल्या आहेत आणि तक्रार घेऊन कुणी परत आलेलं नाही. त्याचं खरंच आहे. पण त्याचा हौदा फळ्याफळ्यांचा असतो, वरून उघडा. घाटात तो करकरतो, पण चासीबरोबर पिळतो. आमचा डबा तसा नाही, हे त्याला सांगणं माझं काम होतं.

पावसाळा संपल्यावर त्र्यंबकवरून हरसूलकडे गेलो. ओढ्यातून बाहेर पडताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी वर आलं. सुकी काठी मोडावी तसा आवाज झाला. उतरून पाहिलं तर काही दिसेना. दुसऱ्या दिवशी घरी बायको ओल्या फडक्याने डबा पुसत होती, तिने हाक मारली. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी पांढरी रेघ, तिरकी, चार बोटं लांब. बोट फिरवलं तर कळत नव्हतं, नख फिरवलं की अडकत होतं. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातही तशीच एक, थोडी लहान.

कोपऱ्यातच का, तर ताण कोपऱ्यात साठतो, आणि आम्ही खिडक्या काटकोनात कापल्या होत्या. आता सगळे कोपरे साठ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेत. पण तो उपाय वरवरचा झाला. मूळ दुखणं खाली होतं.

डबा उतरवला. पुढे मार्ग दोन होते. एक, तीन बिंदूंवर बसवणं: मागे दोन पक्के आधार आणि पुढे मधोमध एक फिरता खुंटा. चासी कितीही पिळली तरी डब्याला पत्ता लागत नाही. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकसारख्या फार पिळणाऱ्या चासीवर हीच पद्धत जास्त दिसते. अडचण अशी की सगळं वजन मोजक्या जागी येतं, आणि पातळ चॅनलची चासी तिथेच तडकू शकते. दुसरा मार्ग स्प्रिंगचा. डब्याखाली स्वतंत्र सबफ्रेम (दुसरी चौकट) करायची, ती चासीच्या पूर्ण लांबीवर टेकते. मागच्या ॲक्सलजवळ ती पक्की बोल्ट करायची, आणि पुढच्या भागात प्रत्येक बोल्टवर एक कॉइल स्प्रिंग. सपाट रस्त्यावर वजन सगळीकडे सारखं बसतं. खडबडीत रस्त्यावर एका बाजूची चासी सबफ्रेमपासून खाली सुटते, स्प्रिंग दबते, आणि चाक खाली आलं की फट पुन्हा मिटते. आम्ही हा मार्ग घेतला. डबा डावीउजवीकडे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना गाइड प्लेटा आहेत, त्यांच्या आतून नायलॉनची पट्टी.

स्प्रिंगांबद्दल एक गोष्ट. माझ्या हाताला सवय प्रेस टूलमधल्या डाय स्प्रिंगांची, म्हणून पहिल्यांदा त्याच घेतल्या. ताकद भरपूर, पण त्या लांबीच्या मानाने फार थोड्या दबतात. पंधरा मिलिमीटरनंतर त्या ठोकळाच होतात, म्हणजे पुन्हा यू-बोल्टच. अंबडला स्प्रिंग वळणाऱ्याकडून साध्या, लांब, बारीक तारेच्या वळवून घेतल्या.

मग परीक्षा. एका मित्राच्या वखारीत रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर होते. त्यांचा चाळीस सेंटिमीटरचा ढीग केला आणि पुढचं डावं चाक त्यावर चढवलं. उजव्या बाजूला पुढे चासी आणि सबफ्रेम यांच्यात फट पडली ती मोजली: ४४ मिलिमीटर. यू-बोल्ट असते तर हे चव्वेचाळीस मिलिमीटर खिडकीच्या कोपऱ्यातून निघाले असते. वर डब्याचं दार बायकोने दोन बोटांनी उघडलं आणि लावलं. आधीच्या वेळी एक चाक फुटपाथवर असलं तरी ते खांद्याने ढकलावं लागायचं.

आडगावनाका
दादा, मी बॉडीच्याच धंद्यात आहे, वडिलांपासून. लाकडी हौद्याबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही पट्टी लाकडाची ठेवतो ती लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून, पण पिळण्याचा हिशेब कुणी कागदावर करत नाही, तो हौदा स्वतःच करून घेतो. बंद कंटेनर बांधायला लागलो तेव्हा आमच्याकडेही कोपरे उखडले होते. तेव्हा वाटलं रिबेट हलके पडले, म्हणून जाड मारले.

दोन गोष्टी विचारतो. चासीला वेल्डिंग केलंत का? आणि मागे जोड चाकंच (प्रत्येक बाजूला दोन-दोन) ठेवलीत?

सातमाळा
चासीला वेल्डिंग अजिबात नाही. वेल्डच्या कडेला पोलाद कमजोर होतं आणि पुढे तिथूनच चीर धरतं. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकही पाडलेलं नाही, कारण सगळा ताण तिथे असतो. उभ्या भागात कंपनीची जी भोकं होती तीच वापरली.

मागे सध्या जोड आहे. तुमचं मत काय?

आडगावनाका
रस्त्यावर जोड चांगली, एक पंक्चर झालं तरी दुसऱ्यावर गावापर्यंत येता येतं. पण कच्च्यावर दोन टायरच्या मध्ये दगड अडकतो. तो काढला नाही तर दोन्ही टायर कापतो. दगडी रस्त्यावर आमचे ड्रायव्हर थांबले की आधी पहार घेऊन मागे जातात, ते याच्यासाठी. वाळूत आणि चिखलात आणखी एक: पुढचं एकेरी चाक जी चाकोरी पाडतं तिच्यात मागची जोड बसत नाही, तिला स्वतःची वाट नव्याने फोडावी लागते. इंजिनचा दम त्यातच जातो. एकेरी करायची तर टायरवर लिहिलेली वजनक्षमता बघून घ्या. जोडीतलं एक काढून टाकणं म्हणजे एकेरी करणं नव्हे, रिम आणि टायर दोन्ही वेगळे लागतात.

द्राक्षबाग
नमस्कार दादा. पिंपळगाव बसवंतला आमच्या कोल्ड स्टोरेजचे पफ पॅनल उरलेत, साठ मिलिमीटरचे, दोन पत्र्यांमध्ये फोम असलेले. डबा त्यांचाच केला तर? वजन जास्त होईल का?

सातमाळा
वजनाचं मीही आधी तसंच समजत होतो. हिशेब केला तर फरक फारसा नाही. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा दोन्ही बाजूंनी धरला तर चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास, फोम अडीच किलो. दोन्ही बाजूंना दोन मिलिमीटर फायबर असलेल्या पॅनलचंही साधारण तेवढंच निघतं. नकार मी दुसऱ्या कारणाने देईन. ते पॅनल जमिनीवर उभ्या असलेल्या खोलीसाठी आहेत. हुकाने एकमेकांत अडकवायचे सांधे ट्रकवर सतत हलतात आणि सैल होतात. पत्र्यावर फांदी घासली की पोचा येतो, आणि हजारो किलोमीटर धक्के खाल्ले की पत्रा आणि फोम एकमेकांपासून सुटायला लागतात.

पण तुमच्या भागात यातली खरी विद्या आहे. आमचा डबा द्राक्षांच्या रीफर (माल गार ठेवणाऱ्या) गाड्या बांधणाऱ्या कारागिराने केलाय. त्याने पहिल्याच दिवशी मला विचारलं, आतून बाहेर जाणारा एक तरी स्क्रू आहे का? त्याचं म्हणणं, द्राक्षं गार ठेवायची असोत की माणसं उबदार, धातूचा तुकडा आतून बाहेर गेला की तिथे पाणी धरणारच. दोन माणसांच्या श्वासातून एका रात्रीत अर्धा लिटरभर पाणी सहज बाहेर पडतं, आणि ते जाऊन बसतं डब्यातल्या सगळ्यात थंड जागी. इगतपुरीला जुलैत तीन रात्री काढल्या तेव्हा भिंती कोरड्या होत्या, पण गादी उचलली तर खालचा प्लाय ओला. आता गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी आहे, खालून हवा खेळते.

अंजनेरी
काका, आम्ही दोघी बहिणी छोट्या गाडीचा विचार करतोय, पण तुमच्या धाग्यातून खूप शिकायला मिळतंय. वजनाचा हिशेब कसा ठेवता? आणि ही गाडी चालवायला परवाना कोणता लागतो?

सातमाळा
ताई, एक वही आहे, ती बायको सांभाळते. डब्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी तराजूवर, मग वहीत, मग डब्यात. पाणी १८० लिटर म्हणजे १८० किलो, ते सोपं. डिझेल लिटरला साधारण ८३५ ग्रॅम, १६० लिटरचे १३४ किलो. खरं वजन लहान वस्तूंत लपतं. हत्यारांची पेटी ४७ किलो निघाली आणि मी ती ‘हलकी’ म्हणून मागच्या टोकाला ठेवली होती. पाण्याची टाकी दोन ॲक्सलांच्या मध्ये आणि जमेल तितकी खाली ठेवा. वजनकाट्यावर पूर्ण गाडी एकदा, मग फक्त पुढचा ॲक्सल, मग फक्त मागचा, आणि हे सगळं टाक्या भरलेल्या, माणसं बसलेली असताना. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असू शकतो. आमचा तसाच होता. दोन्ही स्टेपन्या मागे टांगल्या होत्या, त्यातली एक पुढे केबिनमागे आणली.

परवान्याचं: आपल्याकडे साडेसात टनांपर्यंतची गाडी एलएमव्हीत, म्हणजे हलक्या वाहनांत येते. युरोपात साध्या ‘बी’ परवान्यावर साडेतीन टनच, त्यावर ‘सी’ वर्ग लागतो. म्हणून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना त्यावर कोणत्या वर्गाचा शिक्का पडतोय ते आरटीओत उभं राहूनच बघा. तो एक वर्षच चालतो.

नवाशेवा
बंदरावर क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून उंचीचं सांगतो. पुष्कळ लोक गाडी पूर्ण बांधतात आणि मग विचारतात कंटेनरमध्ये जाईल का. हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंच कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.५८ मीटर, रुंदी २.३४. साध्या कंटेनरचं दार २.२८ मीटर उंच. छतावरची सोलर आणि हवेची खिडकी धरून मोजा. त्यात बसली नाही तर रोरो जहाज, म्हणजे गाडी स्वतः चालत आत जाते, नाहीतर फ्लॅट रॅक, म्हणजे बाजू आणि छत नसलेला उघडा कंटेनर. रोरोमध्ये किल्ली द्यावी लागते, त्यामुळे केबिन आणि डबा यांच्यामधलं दार आतून कुलूपबंद होईल असं करा.

आणि कार्नेट विसरू नका. गाडीचा पासपोर्टच म्हणा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुदत वर्षाची. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही शिक्के घ्या. बाहेरचा शिक्का राहिला तर तुम्ही गाडी तिथे विकली असं धरतात आणि कार्नेटसाठी ठेवलेलं तारण अडकतं. इराण, इजिप्तला कार्नेट लागतं. नेपाळला आपल्या गाड्यांना लागत नाही, सीमेवर भन्सार (तिथलं सीमाशुल्क) भरायचा. दक्षिण अमेरिकेत तात्पुरता आयात परवाना सीमेवरच मिळतो.

सातमाळा
मनापासून आभार. आमची उंची २.९४ मीटर, म्हणजे रोरोच. आमच्याकडे मधलं दार नाही. केबिन आणि डबा वेगवेगळे हलतात, त्यात भोक पाडायचं तर रबराचा भाता लागतो आणि तो गळतो. आम्ही पावसात उतरून मागे जाऊ.

लेहवारी
दोनदा हिवाळ्यात लडाखला राहिलोय, त्यावरून थोडं. गॅसवर अवलंबून राहू नका. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन बरंच असतं, आणि ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं. सिलिंडर भरलेला असतो आणि शेगडी पेटत नाही. शिवाय परदेशात आपला सिलिंडर कुणी भरून देत नाही. डिझेल हीटर घेतलात तर उंचीवर त्याला इंधन कमी द्यायची सोय असलेलाच घ्या, नाहीतर काजळी धरून बंद पडतो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, आतून कायमची खराब होते. ती डब्यात उबेत ठेवा, बाहेरच्या पेटीत नको. आणि डिझेल: साधं डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलंय, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. खालून भरून आणलेलं डिझेल वर जायच्या आधी संपवा.

पेठरोड
सगळं वाचलं, मेहनतीला सलाम. पण माझं मत वेगळं आहे. एवढी जुनी गाडी कशाला? नवीन फोर बाय फोर पिकअप घ्यावा, मागे हलका डबा टाकावा. एसी, एअरबॅग, सुटे भाग, सर्व्हिस, सगळं मिळतं. जर्मनीत कित्येक शहरांत प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय जुनं डिझेल आत घेत नाहीत. आणि कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलंय.

सातमाळा
तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. स्टिकरचं तर आम्ही मान्यच केलंय, ती शहरं बसने बघू.

कायद्याचं म्हणाल तर पत्रा कापायच्या आधी आरटीओत जावं, एवढंच मी सगळ्यांना सांगेन. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आसनं, झोपायची जागा, ओटा, सामानाची जागा हे सगळं पक्कं बसवलेलं असावं वगैरे त्यात येतं. आम्ही ड्रॉइंग आधी दाखवली. दोनदा परत आली, आठ महिने गेले, पण त्यामुळे डबा पुन्हा तोडावा लागला नाही.

जुनी गाडी का, तर डिझेलसाठी. बीएस-सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या इंजिनाला १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं डिझेल लागतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून ते सगळीकडे मिळतं. जगाच्या पुष्कळ भागांत मिळत नाही, आणि जास्त गंधकाच्या डिझेलवर धुराड्यातला फिल्टर आणि बाकीची यंत्रणा खराब होते. गाडी मग ताकद कमी करून चालते किंवा चालतच नाही. आमच्या जुन्या इंजिनावर ती यंत्रणाच नाही, डिझेलचा साधा यांत्रिक पंप आहे. पंप-नोझलचं म्हणाल तर बॉशचा कारखाना इथेच सातपूरला असल्याने हे काम हाताला असलेली माणसं नाशिकमध्ये गल्लोगल्ली सापडतात. त्यातल्या एका निवृत्त काकांनी मला पंप उघडून, धुऊन, पुन्हा लावायला शिकवलं. चार रविवार लागले. पाचव्या रविवारी त्यांनी समोर स्टूल टाकून बसून नुसतं पाहिलं, एकदाही हात लावला नाही.

गुंथर होल्टॉर्फ या जर्मन गृहस्थांनी १९८९ ते २०१४ एकाच मर्सिडीज ३०० जीडीतून जवळजवळ नऊ लाख किलोमीटर जग पाहिलं. ८८ अश्वशक्तीचं साधं डिझेल इंजिन. वेग त्यांनी कधी वाढवला नाही, आणि झिजणारे भाग वेळेआधी बदलत राहिले. आमचीही तेवढीच अपेक्षा आहे. पण तुम्ही युरोप आणि ऑस्ट्रेलियाच करणार असाल तर पिकअपचा तुमचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे. तिथे स्वच्छ डिझेल मिळतं.

अंजनेरी
काका, खिडकीची ती रेघ दुरुस्त कशी केली? आणि पुन्हा हरसूलला गेलात का?

सातमाळा
गेल्या आठवड्यात जाऊन आलो, म्हणूनच हा धागा काढला. खिडकीची रेघ घासून व्ही आकाराची खाच केली, आत फायबर मॅटचे तीन थर, वरून जेलकोट (गुळगुळीत बाहेरचा थर). दाराजवळची लहान रेघ मात्र मुद्दाम तशीच ठेवलीय. तिच्या टोकाला पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहिली. डबा अजूनही पिळत असेल तर रेघ ती खूण ओलांडून पुढे जाईल.

तोच ओढा, तेच दगड, टाक्या भरलेल्या. नंतर हरसूलवरून पेठ, सुरगाणा, खाली वणीत उतरून घरी. एकूण २१२ किलोमीटर, त्यातले साठेक कच्चे. ओढ्यातून निघताना मी खाली उभा होतो आणि गाडी बायको चालवत होती. पुढची उजवी स्प्रिंग दबली, फट उघडली, पलीकडचं पाणी त्यातून दिसलं, चाक खाली आलं आणि फट मिटली. आवाज नाही. फटीत एक खडा शिरून नायलॉनच्या पट्टीला ओरखडा आलाय, म्हणून तिथे रबराचा पडदा लावतोय. आडगावनाका, तुमच्याकडे जुन्या ट्यूबचं जाड रबर असेल तर रविवारी येतो, आणि एकेरी चाकांचंही तेव्हाच बोलू.

रेघ खुणेच्या अलीकडेच आहे. पुढची तारीख स्पितीत काझाला पोचल्यावर लिहू.